थोरल्याची सही

उंड्री, पुणे
६ जानेवारी २०२५

काका,

पाया पडते. लहानपणी एकदा भेटायला आले होते तेव्हा मध्ये काच होती, म्हणून राहिलेला नमस्कार कागदावरूनच करते.

आतापर्यंत तुम्हाला जी पत्रं आली त्यांतलं अक्षर माझं होतं, पण बोल आजीचे होते. हे पत्र माझं आहे. फोनवर मिळणारी वेळ आजीच्या रडण्यात संपते आणि पप्पा मला भेटीला येऊ देत नाहीत. त्यामुळे सगळं नीट लिहूनच सांगते.

आबा दवाखान्यात आहेत. त्यांच्या अन्ननलिकेत कॅन्सर आहे, हे आम्हाला दिवाळीपासून माहीत होतं. तुम्हाला कळवायचं नाही असं घरात ठरलं होतं. आबांनाही सांगायचं नाही असंच ठरलं होतं. 'साधी गाठ हाय, औषधानं विरघळंल,' असं त्यांना सांगितलं आणि ते 'बरं' म्हणाले. आपल्या घरात ज्याचं दुखणं असतं, त्यालाच ते सगळ्यात शेवटी कळवतात.

डिसेंबर संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला. श्वास घेता येईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, 'लावा, काय लागंल ते लावा.' मीसुद्धा म्हणाले. मशीन लावलं म्हणजे माणूस परत येतो, असंच मला तेव्हा वाटत होतं.

काल डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. रोग यकृतात आणि फुफ्फुसात पसरला आहे, त्यावर आता उपाय नाही. 'मशीन त्यांना बरं करत नाहीये,' त्या म्हणाल्या, 'नुसतं धरून ठेवतंय.' ते काढायचं असेल तर त्यासाठी कायद्यानं वाट आहे. डॉक्टरांच्या दोन समित्या आबांना तपासतील आणि घरच्यांना लेखी संमती द्यावी लागेल. मशीन काढल्यावरही आबांना वाऱ्यावर सोडणार नाहीत, त्रास होऊ नये म्हणून औषध चालूच राहील. सन्मानानं मरण्याचा हक्क सुप्रीम कोर्टानं मान्य केलाय हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेसाठी पाठही केलं होतं. पण मॅडम थांबल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मीही मान खाली घातली. शकूआत्यानं पदर तोंडात धरला होता. पप्पा बंद मोबाइलकडे बघत होते.

मग पप्पा म्हणाले, 'दादाला विचारायला पायजे. थोरला तो हाय.'

काका, मला काय वाटलं ते कसं सांगू? अकरा वर्षांत मी पप्पांच्या तोंडून 'दादा' हा शब्द ऐकला नव्हता. ताईच्या लग्नपत्रिकेतही तुमचं नाव घातलं नव्हतं. आणि काल सगळे माना डोलवत होते, 'खरं हाय, थोरल्याचा मान हाय.' घरात पहिली पदवी मी आणली, त्या दिवशीसुद्धा मला या घराचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

पप्पांनी कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून कागद करून आणला आहे, तो सोबत जोडते. 'मी सर्जेराव यांचा थोरला मुलगा, यंत्रोपचार थांबवण्यास माझी संमती आहे,' असं त्यात लिहिलं आहे. पटलं तरच सही करा. आम्हाला तुमचं मत हवं आहे.

तुमची,
शेफाली


येरवडा
१३ जानेवारी २०२५

शेफाली,

तुला भरभरून आशीर्वाद देतो. इथून काहीही बाहेर जायचं तर साहेब आधी वाचतात. आशीर्वाद तेवढे कापत नाहीत.

आबांना दिवाळीपासून आजार आहे आणि मला तो जानेवारीत कळतोय. दिवाळीनंतरच्या पत्रात आईनं 'हे बरे आहेत' असं लिहिलं होतं, तुझ्या अक्षरात. अक्षर सुंदर आहे तुझं.

असो. रागावलो नाही. मी आत आलो त्या वर्षी आईला ताप यायचा, तेव्हाही मला 'बरी आहे' असंच यायचं. मीही इकडून 'मी बरा आहे' असंच कळवायचो. सगळं घरच बरं होतं.

तुझं पत्र मी संध्याकाळी दोनदा वाचलं. घरून सल्ला मागितलाय, असं बराकीतल्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, 'भाऊ, मंत्री झालात की.' सगळे हसले, मीही हसलो. गेल्या अकरा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, गोठा पाडताना नाही की जमिनीवर बिल्डरचा बोर्ड लावताना नाही. विचारलंत ते बरं वाटलं.

सही आज करत नाही. बापाची गोष्ट आहे, दोन दिवस डोक्यात राहू दे. तोवर मला एक बघून सांग. आबांचे हात बांधलेत का? इथल्या एका म्हाताऱ्याला बाहेर दवाखान्यात ठेवलं होतं. नळ्या ओढू नयेत म्हणून त्याचे हात पलंगाला बांधायचे, असं पहाऱ्यावरचा शिपाई सांगत होता. आबांचे हात बांधले असतील तर मला खरं कळव. 'बरे आहेत' असं लिहू नकोस.

आणखी एक. बाप आजारी असला तर मला रजेचा अर्ज करता येतो. घरचा एक जामीनदार लागतो आणि पोलीस गावात चौकशीला येतात. तुझ्या पप्पाला, बापूला विचार. सहीपेक्षा मला हे जास्त हवं आहे.

तुझा,
सुदर्शनकाका


उंड्री
१९ जानेवारी २०२५

काका,

नमस्कार केला असं समजा. घाईत लिहितेय, अक्षर सुंदर येणार नाही.

हो, बांधलेत.

रोज मी आत जाते तेव्हा आबांच्या अंगावर छातीपर्यंत चादर असते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवते, 'आबा, मी आलेय,' म्हणते आणि बाहेर येते. तुमचं पत्र वाचून आज मी चादर उचलली. दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. पट्टीखालची कातडी काळीनिळी पडली आहे. आता नळीही तोंडातून काढून गळ्याला भोक पाडून तिथून घातली आहे. आबांचे डोळे उघडे होते, ते माझ्याकडे बघत होते. एवढे दिवस मी त्या चादरीला नमस्कार करून येत होते, काका. मी किंचाळले. नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर ती समजावून सांगत होती, त्यांच्याच भल्यासाठी आहे, सगळीकडे असंच करतात. ती वाईट नव्हती. पण मला ऐकूच येत नव्हतं.

तसंच जाऊन मी पप्पांना गाठलं. ते आणि आत्या जिन्यात बसले होते. मी म्हटलं, 'काकांना रजा मिळू शकते. तुम्ही जामीनदार व्हा, त्यांना आणू या.'

पप्पांच्या आधीच आत्या म्हणाली, 'अगं, येडी का खुळी तू? त्याला कशाला आणायचा? त्याची सही आणायची!'

मी म्हटलं, 'सही हवी आणि माणूस नको?'

आत्या म्हणाली, 'ही शिकली आन् अक्कल तिथंच ठिवून आली. हे बघ, उद्या भावकी इचारणार, बापाचं मशीन कुणी काढलं? बापूचं नाव निघालं तर जल्मभर बोट दाखवतील. तुझं लगीन व्हायचंय अजून. त्याच्या माथ्यावर एक मढं हायच. दुसरं चढलं तर त्याला काय फरक पडतो?'

मी पप्पांकडे बघितलं. काका, मला वाटलं ते आत्याला गप्प करतील. त्यांनी नाही केलं. 'शेफाली, हळू बोल, लोक जात्यात जिन्यातनं,' एवढंच म्हणाले.

म्हणजे थोरल्याचा मान वगैरे काही नव्हतं. आपल्या आठ-दहा माणसांत पाप ठेवायला जागा शोधली आणि सगळ्यांना एकदम तुमची आठवण झाली. आणि तुम्हाला ते कळवायला माझी पदवी कामाला आली. ते आनंदानं भरलेलं पत्र मी लिहिलं, मी! तुम्ही ते बराकीत सांगितलंत.

हे तुम्हाला सांगावं की नाही यावर मी विचार केला नाही. विचार केला असता तर लपवलं असतं, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे.

सही करू नका. कागद फाडून टाका. आबांचं काय होईल ते होऊ दे, पण हे तुमच्या नावावर नको.

शेफाली


येरवडा
२५ जानेवारी २०२५

शेफाली,

आधी पाणी पी. मग वाच.

तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मंत्रिपद एकच दिवस टिकलं. रात्र गेली, सकाळी चहाच्या रांगेत उभा असताना डोक्यात आलं, बापू मला दादा म्हणाला म्हणजे काहीतरी काम असणार. तरी राग आला. तुझं पत्र आल्यावर जास्त आला. शकूनं ते बोलून दाखवलं. ती लहानपणापासून तशीच आहे, मनातलं पोटात राहत नाही तिच्या. बापूचं मात्र राहतं.

आता मी सांगतो ते नीट ऐक. आपल्या घरात हे सांगू शकेल असा मीच एक आहे.

मी माणूस मारलाय. बांधावरून भांडण झालं, माझ्या हातात कुदळ होती. तो माणूस घरी निघाला होता. सायकलला भाजीची पिशवी अडकवलेली होती. त्याला त्या रात्री जेवायचं होतं, दुसऱ्या दिवशी उठायचं होतं. त्याचं सगळं पुढं होतं आणि ते मी त्याच्याकडून घेतलं. त्याला मारणं म्हणतात. ते कसं असतं हे मला कोर्टानं सांगावं लागलं नाही.

आबांच्या पुढं काय आहे? ते आजारानं चाललेत. दिवाळीपासून चाललेत. मशीन त्यांचा सदरा मागून धरून उभं आहे. तो सोडायला सांगणं म्हणजे मारणं नाही, शेफाली. या दोन गोष्टी एकाच नावानं ओळखल्या जातात म्हणून तुम्ही सगळे घाबरलात. मला दोन्ही वेगळ्या दिसतात, कारण त्यातली एक मी केली आहे. पाप माझ्या माथ्यावर टाकायला मला विचारलंत ते चुकलं. फरक समजून घ्यायला विचारलं असतंत तर बरोबर झालं असतं.

कागद फाडला नाही. सही केली आहे. माझं एक आहेच, दुसरं चढू दे, म्हणून नाही केली. माझा बाप बांधलेला आहे, म्हणून केली. बांधलेल्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे.

पण एक क्रम सांगतो, तो बदलू नकोस. आधी हे पत्र बापूला मोठ्यानं वाचून दाखव. आईसमोर वाच. आईला कुणी काही विचारलंय का? तुझ्या पत्रांत ती फक्त रडते आहे. मग तो कागद बापूच्या हातात दे. पुढं त्याला काय करायचं ते करू दे. गावात सांगायचं असेल की थोरल्यानं केलं, तर सांगू दे. मी काय, गावात राहत नाही.

रजेचं राहू दे. पुन्हा विचारू नकोस त्याला.

सुदर्शनकाका

  


उंड्री
१ फेब्रुवारी २०२५

काका,

तुमचा क्रम पाळला. आता जे झालं ते तसंच्या तसं सांगते. अजून माझाच त्यावर विश्वास बसत नाही.

मी आजीला दवाखान्यात घेऊन गेले. एवढ्या दिवसांत ती तिथं दोनदाच आली होती. बाकी वेळ घरी आम्हा सगळ्यांचे डबे करत होती. मॅडमनी आम्हाला त्यांची खोली दिली. पप्पा, आत्या, आजी, मी. मी वाचायला लागले. कुदळीच्या ओळींवर आत्या उठून जायला लागली, तर आजीनं तिचं मनगट धरून खाली बसवलं. 'आईला कुणी विचारलंय का' इथं मी आले आणि सगळ्यांनी आजीकडे बघितलं, जणू ती आत्ताच दारातून आत आली.

आजी म्हणाली, 'विचारलं की. भाकरी झाल्या का, एवढं विचारलं.'



मग ती म्हणाली, 'ह्यास्नी दिवाळीतच ठाऊक होतं.'

पप्पा म्हणाले, 'काय ठाऊक होतं?'

'काय हाय त्ये. मला म्हणाले, पोरं लपिवत्यात तर लपवू दे, त्येंना तेवढंच बरं वाटतंय. तू बी न्हाई म्हणून नगंस.'

काका, 'साधी गाठ हाय' असं आम्ही त्यांना सांगत होतो आणि ते 'बरं' म्हणत होते, ते आमच्यासाठी! एवढे दिवस तेच आम्हाला सांभाळत होते. 

मी विचारलं, 'आजी, आणखी काय म्हणाले?'

आजी पप्पांकडे न बघता म्हणाली, 'थोरल्याला एकदा बघायचंय म्हणाले. मी म्हटलं, बापूला सांगा की. तर म्हणाले, नगं, बापूला गावात ऱ्हायचंय.'

पप्पांनी हात पुढे केला. मी त्यांना कागद दिला. तुमच्या सहीकडे ते खूप वेळ बघत होते. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर गेले. मला वाटलं झेरॉक्स काढायला गेले. खरंच तसंच वाटलं, काका, माझ्या मनात आता त्यांच्याबद्दल तेवढंच उरलं होतं. ते परत आले ते मॅडमना घेऊन. म्हणाले, 'तुमचा तो संमतीचा कागद आना. सही कुठं करायची?'

आत्यानं त्यांची बाही धरली. 'बापू, अरं, दादाची हाय की सही!'

'हाय. म्हणून तर.'

'भावकी काय म्हणंल?'

'म्हणू दे. आन् आधी त्येंचे हात सोडायला सांगा.'

नर्स म्हणाली, नळी ओढतील. पप्पा म्हणाले, मी धरून बसतो. ते बसले. समित्यांचे डॉक्टर येऊन गेले तरी उठले नाहीत. आबांचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि आबांनी नळीला एकदाही हात लावला नाही.

काल दुपारी मशीन काढलं. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. आजीनं तुळशीचं पान आणलं होतं. मशीनचा आवाज थांबला आणि आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

आबा गेले नाहीत. गळ्यातल्या नळीतून स्वतःच श्वास घेत राहिले. हळू, पण घेत राहिले. आत्यानं डोळे उघडले आणि म्हणाली, 'मग आपण एवढं कशाला भ्यालो?' आणि तिथंच फरशीवर बसली. असं होऊ शकतं, काही तास किंवा काही दिवस जातील, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं होतं, कळलं मात्र नव्हतं. आता त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय. दुखू नये म्हणून औषध चालू आहे. कसल्या घंट्या वाजत नाहीत. आजी उशाशी बसते. डबे आत्या करते.

पप्पा आत्ता वकिलांना घेऊन तुमच्या इथं यायला निघालेत. रजेला वेळ लागेल, पण पोलिसांसोबत काही तासांची भेट लवकर मिळू शकते, असं वकील म्हणतात. हे पत्र आधी पोचेल की तुम्ही, मला माहीत नाही. जाण्याआधी पप्पा ते माझ्याकडून मागून घेतायत. खाली त्यांचं अक्षर आहे.

शेफाली

दादा, जामीनदार म्हणून माझं नाव देतोय. पोलीस गावात आले तर येऊ देत. तू ये. बापू.


येरवडा
१० फेब्रुवारी २०२५

शेफाली,

आबा गेल्याचं साहेबांनी बोलावून सांगितलं. बापूचा फोन आला होता. आईची काळजी घे. तिला रडताना थांबवू नका. फोनवर मी तिला कधी थांबवत नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तुझं पहिल्या तारखेचं पत्र मला भेटीनंतर मिळालं. मी आलो त्या दिवशी बापूनं काय केलं याचा मला पत्ताच नव्हता. गाडीत बसताना मला एवढंच ठाऊक होतं की मी सही केलीय आणि मला बापाला बघायला नेतायत. सही वापरली असणार आणि गावाला सांगितलं असणार, असं धरून मी निघालो. विचारलंच कुणी, तर 'हो, मीच' म्हणायचं. वाटेत तेच घोकत होतो.

जिन्यापाशी भावकीतले पाच-सहाजण उभे होते, तू तेव्हा आत होतीस. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. त्या सायकलवाल्याचा चुलतभाऊ होता त्यात. एकजण म्हणाला, 'आला बघा. सही करून मग आला.' मी तोंड उघडणार, तेवढ्यात बापू पुढं झाला. म्हणाला, 'सही माझी हाय. मशीन मी काढाय लावलं. कुणाला काय इचारायचं तर मला इचारा, मी हितंच गावात ऱ्हातो.'

मी तसाच उभा राहिलो. घोकलेलं सगळं गेलं. कुदळ उचलली त्या दिवशीही मी एवढा हबकलो नव्हतो. हवालदारानं पाठीवर हात ठेवला, 'चला, वेळ जातोय.' खोलीच्या दाराशी त्यानं बेडी काढली. म्हणाला, 'भाऊ, पळालात तर माझी नोकरी जाईल.' मी म्हटलं, 'बाप आत आहे, कुठं पळू?'

पुढचं तू पाहिलंस, पण लांबून पाहिलंस. आबांनी डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बेडीच्या वळावरून अंगठा फिरवला. त्यांच्या मनगटावर पट्टीचे वळ होते, त्यावरून मी फिरवला. तेवढंच. पुष्कळ झालं.

निघताना बापूनं माझ्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी कोंबलं. मला वाटलं पैसे असतील. इथं झडतीत उघडलं तेव्हा कळलं, तो टायपिस्टचा कागद होता.

बापूवर रागावून राहू नकोस. त्याला उशीर झाला. मलाही त्या दिवशी कुदळ खाली ठेवायला उशीरच झाला होता. त्याचा उशीर भरून निघण्यासारखा होता, तो त्यानं भरला.

इथं कोरा कागद मागावा लागतो आणि याची मागची बाजू कोरी होती. तू आतापर्यंत वाचलंस ते त्यावरच लिहिलं आहे. आता उलटून बघ. सही तशीच आहे, खोडलेली नाही. कुणालाच ती जमली नसती, तर मी केलीच होती. तुझ्याकडे राहू दे.

सुदर्शनकाका